केसिंगच्या आत गायरो टूलला उत्तर दिशा कळते कशी?

खडकवाला_बडोदा:
नमस्कार मंडळी, मी इथे बडोद्यात जिऑलॉजीत एमएस्सी करतोय, मध्यंतरी आम्हाला अंकलेश्वरकडे एका रिगवर नेलं होतं. तिथे जुन्या वेलमध्ये, म्हणजे तेलविहिरीत, वायरलाइनवर (लांब केबलला बांधून) गायरो, म्हणजे फिरणं टिपून दिशा सांगणारं टूल, सोडत होते. वेल किती तिरकी आहे ते अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून काढतो, हे कळलं. पण ती कुठल्या दिशेला तिरकी आहे, म्हणजे अझिमथ, ते डोक्यावरून गेलं. आत सगळी स्टीलची केसिंग (वेलला आतून बसवलेली नळी), होकायंत्र बाद, जीपीएस तर नाहीच, मग उत्तर सांगतं कोण? इंजिनिअर म्हणाले पृथ्वी फिरते त्यावरून, आणि लगेच कामाला लागले. कुणी नीट समजावेल का?

मकरपुरा_काका:
बरोबर सांगितलं त्यांनी. टूल स्थिर धरलं तरी पृथ्वीबरोबर ते फिरतच असतं, ताशी 15.04 अंश, म्हणजे घड्याळातल्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाने. एवढं मंद फिरणंही टिपणारा सेन्सर आत असतो. आता पृथ्वीचा अक्ष दक्षिणोत्तर, त्यामुळे सेन्सरची आडवी बाजू नेमकी उत्तरेला असली की रीडिंग सगळ्यात मोठं, पूर्वेला किंवा पश्चिमेला वळली की शून्य. काटकोनातली दोन रीडिंग घेतली की उत्तर कुठे ते त्रिकोणमितीने निघतं, आणि तेही खरं उत्तर, चुंबकीय नाही, डेक्लिनेशनची, म्हणजे या दोन उत्तरांमधल्या फरकाची, भानगडच नको. फक्त अक्षांश बघायचा. आपल्याकडे 22 अंशांवर आडवा भाग ताशी 13.9 अंश मिळतो, 70 अंशांवर जेमतेम 5.1, म्हणून आर्क्टिककडे हेच टूल चाचपडतं.

वायरलाइनवाली:
काकांनी छान सांगितलं, थोडी भर घालते. पूर्वी फ्री गायरो असायचा, वर जमिनीवर माहीत असलेल्या खुणेवर रोखून त्याला दिशा द्यायची, मग आतलं चाक जोरात फिरत ती धरून ठेवायचं, पण बेअरिंगच्या घर्षणामुळे हळूहळू सरकायचं आणि मग वेळ बघून ड्रिफ्टची दुरुस्ती करत बसा. आताची नॉर्थ-सीकिंग टूल्स उत्तर स्वतः शोधतात, पण त्यासाठी प्रत्येक स्टेशनला, म्हणजे मोजणीच्या ठिकाणी, टूल अगदी गप्प उभं राहावं लागतं, केबल जराशी पिळली तरी ते फिरणं पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा कितीतरी पट जास्त, सगळं रीडिंग वाया. तुम्ही पाहिलं असेल, केबल सोडणारी विंच मध्येमध्ये थांबते, ती त्यासाठीच.

खडकवाला_बडोदा:
हो हो, थांबत होती, मला वाटलं काही अडकलं! खूप आभार काका, ताई. पण एखाद्या अंशाने एवढा काय फरक पडतो?

मकरपुरा_काका:
पडतो रे. वेल आडवी 2 किलोमीटर गेली असेल तर 1 अंशाच्या चुकीने तळ जवळपास 35 मीटर बाजूला जातो. जुन्या फिल्डमध्ये वेल्स जवळजवळ असतात, नव्या वेलचं बिट (खोदणारं टोक) शेजारच्या चालू वेलच्या केसिंगमध्ये घुसलं तर माणसांच्या जिवावर बेततं. म्हणून नवीन खोदण्याआधी जुन्या वेलचा सर्व्हे परत करायचा, कंटाळा करायचा नाही.

वायरलाइनवाली:
आणि रिपोर्ट हातात आला की उतरतानाचा आणि वर येतानाचा सर्व्हे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही जुळत नसतील तर त्या अझिमथवर विसंबू नका, टूल परत सोडायला सांगा. वेल जवळजवळ आडवी असेल आणि पूर्व-पश्चिम जात असेल तर जास्तच सांभाळून, दोनच अक्षांच्या गायरोला त्या दिशेत अझिमथ नीट पकडता येत नाही, तिथे तीन अक्षांचं टूल मागवा.