शेंदरी गणपती प्रिंटमध्ये विटकरी येतोय, कोरलमध्ये रंग कसे लावू?

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे.

मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलीय. डीटीपीवाला नाही मी, हौशी माणूस. वर शेंदरी गणपती, कडेने निळा काठ, मजकूर काळा. स्क्रीनवर इतकं झकास दिसत होतं की मावशीने फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला. काल प्रेसमधून प्रूफ आलं: गणपती विटकरी, काठ चक्क जांभळा, आणि बारीक अक्षरांना लालसर-निळसर सावली. आजीने मुहूर्त दोनदा विचारला, वाचताच येईना.

प्रेसवाले काका म्हणतात, "फाइल आरजीबीत आहे, सीएमवायके करून आणा," म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा या रंगांऐवजी छपाईच्या सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा, काळा या चार शायांत. मी डॉक्युमेंटचा कलर मोड बदलला, तरी आधी भरलेले रंग जसेच्या तसे. गणपती आरजीबीत २५५-९०-० आहे, काठ ०-०-२५५. आता काय करू?

प्रतिसाद १

काका बरोबर सांगताहेत. स्क्रीन उजेडातून रंग दाखवते, कागदावर शाई असते. झगझगीत केशरी आणि गर्द निळा, हे दोन रंग चार शायांत तसेच्या तसे निघत नाहीत.

डॉक्युमेंटचा मोड बदलून आधीच्या आकृत्या बदलत नाहीत. आकृती निवडा, शिफ्ट एफ११ दाबा, मॉडेल सीएमवायके करा आणि आकडे हाताने भरा. शेंदरीसाठी सायन ०, मॅजेंटा ७०, पिवळा १००, काळा ०. सायन किंवा काळ्याचे पाच-दहा टक्के जरी घुसले तरी शेंदरी मळतो. तुमचं विटकरी बहुधा तिथूनच आलंय. काठाला सायन १००, मॅजेंटा ६०. मॅजेंटा सायनच्या जवळ गेला की निळ्याचा जांभळा झालाच म्हणून समजा.

अक्षरं फक्त काळा १००, बाकी तिन्ही शून्य. आरजीबीतला काळा चार शायांत फुटतो, आणि प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी, त्या केसभर सरकल्या की ती सावली दिसते.

प्रतिसाद २

आकडे ठीक आहेत, पण मला ७० जरा लाल वाटतो. वाद घालण्यापेक्षा पट्टी काढा: मॅजेंटा ५५, ६०, ६५, ७०, ७५ असे पाच चौकोन, पिवळा सगळ्यांत १००, प्रत्येकाखाली आकडा. काकांना म्हणावं, पत्रिकेच्याच कागदावर छापून द्या. चकचकीत आर्ट पेपरवर रंग उठून दिसतो, साधा बिनचकाकीचा मॅपलिथो शाई पितो. आणि स्क्रीनची ब्राइटनेस उतरवा हो, निम्मी फसगत तिथेच होते. अगदी स्क्रीनवरचाच शेंदरी हवा असेल तर पाचवी स्पॉट शाई, म्हणजे त्याच रंगाची आधीच मिसळलेली शाई, लागेल; प्लेटचा खर्च वाढेल, एवढ्याशा पत्रिकेला मी तरी सुचवणार नाही.

धागाकर्ता

पट्टी काढली. मावशीने चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन ६५ वर बोट ठेवलं. अक्षरंही स्वच्छ आली. फक्त काठाच्या कडेला अजून जांभळी रेघ दिसतेय, आतला निळा नीट आहे.

प्रतिसाद १

ती आउटलाइन, आकृतीची बाहेरची रेघ. तिचा रंग फिलपासून, म्हणजे आतल्या रंगापासून, वेगळा असतो. शिफ्ट एफ१२ दाबून तिथेही तेच आकडे भरा. नाहीतर आउटलाइन काढूनच टाका, काठाला तिची गरजच काय?