वायटूकेला 'बागुलबुवा' म्हणावं का?

पंचवटीकर: काल संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, वायटूकेचा, 2000 साल लागताच संगणक गोंधळतील, विमानं पडतील या जुन्या धास्तीचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "वायटूके म्हणजे नुसता बागुलबुवा. 1 जानेवारी 2000 ला एक तरी विमान पडलं का?" विमानाचं राहू द्या, मला शब्द खटकला. बागुलबुवा मुळात नसतोच, पोर निजेना की आई तो उभा करते. इथे तर वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे, '00' दिसलं की 1900 समजणारे प्रोग्रॅम खरोखर होते. मग शब्द कोणता?

सिडकोवासी: 'बाऊ'. बाऊ असलेल्या गोष्टीचाच होतो, खरचटल्याचा करतात तसा. लोकांची धास्ती जावी म्हणून अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या प्रमुख जेन गार्वी त्या रात्री मुद्दाम विमानात बसल्या होत्या. आणखी काय हवं?

ओझरकर: नाही पटत. ओझरला मी विमानांच्या ओव्हरहॉलवर होतो. आधी तपासलं म्हणून काही झालं नाही, त्याला बाऊ म्हणणार? आणि फेब्रुवारी 2007 मध्ये हवाईहून जपानला निघालेली अमेरिकेची एफ-22 लढाऊ विमानं आंतरराष्ट्रीय वाररेषेवर, जिथे तारीख बदलते तिथेच, दिशादर्शन गमावून बसली, इंधनवाहू विमानांच्या मागोमाग परत आली. त्यांना विचारा बाऊ म्हणजे काय ते! माझा शब्द 'मेख'. ग्यानबाची असते तशी, वरून न दिसणारी.

नाशिकरोडकर: मेख कुणीतरी मारलेली असते हो. इथे कुणाचा डाव नव्हता. मेमरी महाग, म्हणून दोन आकडे वाचवले. आपण तरी काय करतो? 'बहात्तरचा दुष्काळ', 'सत्तावन्नचा उठाव'. शतक ऐकणारा मनातल्या मनात भरतो, यंत्राला ते सांगावं लागतं. मी 'खोट' म्हणेन. भांडी बाजारात तांब्या घेताना टिचकी मारून बघतो ना, ती.

सिडकोवासी: मग बोइंग 787 या प्रवासी विमानाचं काय? सलग 248 दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर बंद पडू शकतात, असा इशारा त्याच प्रशासनाने 2015 मध्ये दिला होता. तारखेचा संबंध नाही, आतला मोजणीचा आकडाच मावेनासा होतो. उपाय काय, तर मुदतीआधी एकदा बंद करून चालू करा! ही खोट?

नाशिकरोडकर: तो घडा भरला.

पंचवटीकर: हा! 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांच्या ठरावीक जागेत मोजणाऱ्या यंत्रांचा घडा 19 जानेवारी 2038 ला भरतो, त्याला हेच वापरू. वायटूकेला 'खोट' पक्कं. आज त्या गृहस्थांना सांगून आलो. म्हणाले, "खोट होती ना? मग विमान का नाही पडलं?"