मदत हवी आहे: बॅकअप सॉफ्टवेअरला नॅस (नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज) आणि यूएसबी डिस्क दिसत नाही

विंडोज ११, आवृत्ती २४एच२. नॅसवरचं ‘बॅकअप’ फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलंय (म्हणजे त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलंय). एक्सप्लोररमध्ये झेड उघडतो, फाइल कॉपी होते. सॉफ्टवेअरच्या यादीत मात्र फक्त सी आणि डी. २ टीबीची यूएसबी डिस्कही यादीतून गायब. रात्री २ चा शेड्यूल्ड बॅकअप फेल होतोय. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. कुठे बघू?

प्रतिसाद १:
दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही. मॅप केलेलं अक्षर ज्या लॉगिनमधून मॅप केलं, त्यालाच दिसतं. शेड्यूल्ड बॅकअप बहुतेक वेळा विंडोजच्या स्वतःच्या सिस्टीम खात्यावर सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो, त्याच्या लेखी झेड नाहीच. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘नेट यूज’ (net use) ही कमांड द्या. झेडसमोर ‘अनअव्हेलेबल’ आलं की निदान पक्कं.

अक्षर सोडा, पूर्ण पाथ टाका: \\१९२.१६८.१.२०\बॅकअप (तुमच्या नॅसचा आयपी घाला, आणि तो बदलू नये म्हणून राउटरमध्ये रिझर्व्ह करा). युजरनेम-पासवर्ड सॉफ्टवेअरच्याच सेटिंगमध्ये भरा. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला पासवर्ड तुमच्या खात्यापुरताच असतो.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ (EnableLinkedConnections) १ करा, असंही कुणी सांगेल. त्याने अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या विंडोत झेड दिसतो, सर्व्हिसला नाही. दिवसा हाताने बॅकअप होईल, रात्री २ ला पुन्हा फेल.

प्रतिसाद २:
यूएसबीसाठी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क आहे पण अक्षर नाही किंवा बदललंय, तर राइट क्लिक करून आर किंवा एससारखं शेवटाकडचं अक्षर द्या. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्ह पटकावतात. ‘ऑफलाइन’ लिहिलंय आणि ती डिस्क आतल्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) आहे? मग दोघींची सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) सारखी असते, म्हणून विंडोज एक बंद ठेवतं. ‘ऑनलाइन’ केलं की नवी सिग्नेचर लिहिली जाते, पण मग त्या क्लोनवरून बूट होईलच असं नाही. ‘इनिशियलाइज’ (डिस्क कोरी म्हणून नव्याने तयार करू का) विचारलं तर आतला डेटा हवा असेपर्यंत होकार देऊ नका.

धागाकर्ता:
‘अनअव्हेलेबल’च आलं. यूएसबीला आर दिलं, दिसली. नॅसचा पाथ टाकल्यावर मात्र ‘गेस्ट अ‍ॅक्सेस’ची एरर येते. नॅसवर पासवर्ड ठेवलेला नाही.

प्रतिसाद १:
२४एच२ मध्ये (होम आवृत्ती सोडून) एसएमबी सायनिंग, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देताघेताना प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, मुळातच सक्तीचं आहे, आणि गेस्ट (पासवर्डशिवायच्या) लॉगिनला सायनिंग जमत नाही. सक्ती काढू नका. नॅसवर फक्त बॅकअपसाठी पासवर्डवाला युजर करा, त्या एकाच फोल्डरवर रीड-राइट द्या. रोजच्या वापराच्या खात्याला तिथे राइट नको. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर ते त्याच खात्याने नॅसवर शिरतं. झेडची मॅपिंगही आता काढून टाका.