मदत हवी आहे: 'जेराँटॉलॉजी'साठी फलकावर कोणता मराठी शब्द लिहू?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या महिन्यात एका डॉक्टरबाईंचं या विषयावर, म्हणजे म्हातारपणाच्या अभ्यासावर, व्याख्यान आहे. फलक लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी विषयाच्या नावापाशीच अडलेय.

शब्दाचा माग काढला. 'जेराँटॉलॉजी' हा शब्द १९०३ साली एली मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी घडवला. ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. आंबवलेल्या दुधातले जिवाणू पोटात गेले तर म्हातारपण लांबणीवर पडतं, असं त्यांचं मत होतं. 'जेरिॲट्रिक्स' १९०९चा, न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांचा. पहिला म्हातारपणाच्या अभ्यासाचा, दुसरा म्हाताऱ्यांवरच्या उपचारांचा. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक: 'गेरास' म्हणजे म्हातारपण, 'गेरोन' म्हणजे म्हातारा.

आणि संस्कृतातला 'जरत्' हा या 'गेरोन'चा सख्खा भाऊबंद! आपले जरा (म्हणजे म्हातारपण), जीर्ण, अजरामर हे सगळे त्याच 'जॄ' धातूचे. या धातूचा अर्थ झिजणं, म्हातारं होणं आणि पचणंही. म्हणून अजीर्ण, म्हणून अन्न 'जिरतं'. मेचनिकॉव्ह म्हातारपणाचं कारण आतड्यात शोधत होते हे आठवलं आणि मी बराच वेळ त्याच विचारात होते.

तर 'जराशास्त्र' हा शब्द मुळाशी अगदी इमानी. वाग्भटांनी अष्टांगहृदयात आयुर्वेदाची आठ अंगं मोजताना 'जरा' हाच शब्द वापरलाय. पण कच्चा फलक दाखवला तर चौघांपैकी तिघांनी 'थोडंसं शास्त्र' असं वाचलं. बोलण्यातला 'जरा' अरबीतून आलेला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण कानाला तोच ओळखीचा. 'जराचिकित्सा' म्हटलं तर आणखीच पंचाईत.

'वार्धक्यशास्त्र' सरळ कळतं. तो 'वृध्'वरून, म्हणजे वाढण्यावरून. बाबा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना हाच पसंत: "झिजलेला म्हणण्यापेक्षा वाढलेला म्हणा." मला मात्र 'जरा' सोडवत नाही, इतक्या जुन्या नात्याचा शब्द आहे.

वैद्यकीय परिभाषा हाताळणारं कुणी इथे आहे का? अभ्यास आणि उपचार या दोन्हींसाठी वेगवेगळे, पण ऐकताक्षणी कळणारे शब्द हवेत. आणि तुमच्याकडे, गावाकडे, बोलताना 'जरा' म्हातारपणाच्या अर्थाने कुणी वापरतं का? फलक रविवारपर्यंत रंगवायला द्यायचाय.