कापसाच्या बोळ्यांवर भिस्त नको

मिरवणुकीत ढोल-ताशा वाजवताना कान वाचवायला कापसाचे बोळे पुरतात असं इथे एकाने लिहिलंय. कळकळीने सांगतो, तसं करू नका. त्याने आवाज नावापुरता कमी होतो. गोव्यात म्हापशाला रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, मी १२ वर्षं ताशा वाजवतोय, कापूस घालूनच. शिगम्याच्या रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात रातकिडा किरकिरायचा, सकाळी थांबायचा. एका वर्षी तो थांबलाच नाही.

८५ डेसिबल फार तर ८ तास सोसावेत, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं! आपली मिरवणूक किती तास चालते बघा.

कानात घालायचे फोमचे प्लग चांगलेच, पण ते वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापतात. कासाळ्याची (मोठ्या झांजेची) झणझण बोथट होते, मग पोरं ते काढून खिशात टाकतात. म्हणून वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरतात. घुमटाला (मातीच्या, चामडं ताणलेल्या वाद्याला) ९ किंवा १५ डेसिबल कापणारा फिल्टर, ताशा-ड्रमला २५चा.

फोमच वापरणार असाल तर बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही.