प्रतिसाद: गोळ्यांना न जुमानणारा न्यूमोनिया

म्हापशाच्या तुमच्या ७२ वर्षांच्या काकांचा न्यूमोनिया अँटिबायोटिकच्या दोन कोर्सनंतरही हटत नाही आणि एक्स-रेतले डाग जागा बदलताहेत, असं तुम्ही लिहिलंय. डाग असे फिरत असतील तर ऑर्गनायझिंग न्यूमोनियाची शंका घ्यायलाच हवी. हा दाहाचा आजार आहे, जंतुसंसर्ग नव्हे; म्हणून अँटिबायोटिक फुकट जातात. काका हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन घेतात का? या औषधांमुळेही हा होतो, आणि हे विचारायचं हमखास राहून जातं! स्टिरॉइडनं बहुधा लवकर उतार पडतो, पण टीबी आणि कर्करोग वगळल्याशिवाय ते सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. त्यासाठी एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन), ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी), झेपत असेल तर बायोप्सी (फुफ्फुसाचा छोटा तुकडा काढून तपासणं). बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना जुने एक्स-रे तारखेनुसार लावून न्या.