नाव आणि घर, दोन्हींच्या दुरुस्तीला कोणती मशिनं घ्यावीत? बजेट १०,०००

तापीकाठ, प्रकाशा
राम राम मंडळी. १६ फुटी सागवानी नाव आहे, बाहेरून फायबरचा थर. दोन फळ्या बदलायच्यात, फायबर तीन जागी सुटलाय. काम काठावर, तिथे लाईट नाही. घरी स्लॅबला फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारायचेत, विटांच्या भिंतीवर रॅक लावायचाय. ड्रिल, ग्रायंडर, जिगसॉ असा बॅटरीवरचा सेट '४८ व्हीएफ' नावाने स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

सुतारकट्टा, शहादा
नका घेऊ भाऊ. त्या ४८ व्हीएफला काही अर्थ नाही. आत बहुतेक वेळा ५ सेलची ओळच असते, म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' हेही एकच. व्होल्टच्या आकड्याला भुलू नका, अँपिअर-अवर विचारा, म्हणजे बॅटरीत किती चार्ज साठतो ते.

१८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॉट-अवर. ७०० वॉट ओढणारा ग्रायंडर त्यावर पुऱ्या ताणात जेमतेम ३ मिनिटं चालेल. त्यामुळे ग्रायंडर वायरचाच घ्या, ४ इंची. बॅटरीवर फक्त ड्रिल-ड्रायव्हर: १८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, आणि सर्व्हिस सेंटर धुळे किंवा जळगावात असलेली कंपनी. पुढे जिगसॉ लागला तर त्याच कंपनीचा बिनबॅटरीचा घ्या, तीच बॅटरी बसते.

फळी बसवताना ४ मिमी स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, डोकं आत बसायला काउंटरसिंक (उतरती खळी) करा, आट्यांना मेण लावा. क्लच (ड्रिलच्या तोंडाजवळची आकड्यांची कडी, ठरल्या जोरानंतर कटकट वाजून सुटते) ५ वर ठेवून सुरू करा. कटकट वाजूनही डोकं वर राहिलं तरच एकेक आकडा वाढवा. थेट ड्रिलच्या खुणेवर ठेवलं तर स्क्रू तुटतो नाहीतर फळी कडेला चिरते. स्क्रू स्टेनलेसचे, ३०४. जिप्समचे काळे स्क्रू पाण्यात गंजून मुंडी सोडतात.

वायरमन, भुसावळ
स्लॅबचं काम त्या ड्रिलने होणार नाही. इम्पॅक्ट ड्रिल विटेत चालतं, पण काँक्रीटमध्ये फार हळू जातं आणि बिट गरम होऊन टोक जळू शकतं. चार भोकांसाठी २ किलो गटातला एसडीएस रोटरी हॅमर (ठोके मारत भोक पाडणारं मशिन) भाड्याने आणा. बिट फास्टनरवर छापलेल्या मापाचाच घ्या आणि भोकातली धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की फास्टनर आवळताना फिरत राहतो.

उन्हाळ्यात बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. काम संपल्याबरोबर गरम बॅटरी चार्जरवर लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. वायरचं मशिन ओल्या जागी वापरायचं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. पाण्यात उभं राहून मात्र तोही असला तरी नाही.

तापीकाठ, प्रकाशा
मग काठावर फायबर कशाने घासू?

सुतारकट्टा, शहादा
तीन जागांना हात पुरे आहे. लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पेपर गुंडाळा. कडेला उतार जाडीच्या बारा पट द्या, म्हणजे ३ मिमी थराला चारी बाजूंनी ३६ मिमी. इथेच घाई होते आणि ठिगळ पहिल्याच धक्क्याला उचकटतं. मास्क आणि चष्मा लावूनच घासा.

लाकूड आतून ओलं असेल तर रेझिन धरत नाही, नाव उलटी करून नीट वाळू द्या. साग तेलकट असतो, लेप लावायच्या ऐन आधी अ‍ॅसिटोनने पुसा. पॉलिएस्टर रेझिन असेल तर १०० ग्रॅमला हार्डनर साधारण १ मिली, आणि काम सकाळी सातच्या आत. दुपारी डब्यातच गोळा होतो. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर.